अ‍ॅशचं झाड ओळखताना आधी पान नाही, फांदी बघा

मिशिगन, ओहायो, इलिनॉय, पेन्सिल्व्हेनिया, न्यू जर्सी या भागांत घर घेतलेल्या मराठी मंडळींना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: दारातलं हे मोठं झाड अ‍ॅश आहे का? प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. 2002 साली डेट्रॉइटच्या परिसरात एक चमकदार हिरवा खोडकिडा सापडला. त्याचं नाव एमराल्ड अ‍ॅश बोरर. मूळचा पूर्व आशियातला हा किडा बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून समुद्र ओलांडून आला. तेव्हापासून त्याने उत्तर अमेरिकेतली अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली आहेत. वेळेत औषध दिलं तर झाड वाचवता येतं. उशीर झाला तर ते काही वर्षांतच वाळतं, आणि घराच्या छपरावर झुकलेलं वाळकं झाड म्हणजे मोठा धोका आणि मोठा खर्च.

म्हणून झाड नक्की कोणतं हे आधी ठरलं पाहिजे. लोक अक्रोडाच्या झाडाला अ‍ॅश समजून त्यावर औषधाचे पैसे घालवतात. काही जण चांगलं धडधाकट झाड ‘कीड लागणारच आहे’ म्हणून पाडून टाकतात. आणि खरं अ‍ॅश कोपऱ्यात उभं असतं, त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. या सगळ्या गोंधळाचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लोक पान बघतात, फोटो ताडून बघतात आणि निकाल देतात. अ‍ॅशच्या पानासारखी पानं असलेली झाडं मात्र डझनभर आहेत. पानं फांदीवर लागलेली कशी आहेत हे बघितलं, तर त्यातली बहुतेक पहिल्याच फटक्यात बाद होतात.

हे झाड आपल्याला अगदीच परकं नाही

अ‍ॅश म्हणजे फ्रॅक्सिनस या प्रजातीतली झाडं. युरोप, उत्तर अमेरिका, आशियाचा थंड भाग आणि आपला हिमालय इथे त्यांच्या वेगवेगळ्या जाती आहेत. लाकूड हलकं, तरी चिवट, धक्का सोसणारं. म्हणून कुऱ्हाडी-फावड्यांचे दांडे, बेसबॉलच्या बॅटी आणि क्रिकेटचे स्टंप यांसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं.

भारतातल्या एका मोठ्या घटनेच्या मुळाशी हेच झाड आहे. 1973 साली, आजच्या उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, मंडल गावाजवळच्या जंगलातली अंगूची झाडं खेळाचं साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीला तोडायला देण्यात आली. चंडीप्रसाद भट्ट यांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने शेतीची अवजारं करण्यासाठी अंगूची थोडीशी झाडं मागितली होती. वनखात्याने ती नाकारली. झाडं तोडायला माणसं आली तेव्हा गावकरी आडवे उभे राहिले. चिपको आंदोलनाची सुरुवात ती. अंगू म्हणजे हिमालयातलं अ‍ॅश. शाळेच्या पुस्तकात आपण चिपको वाचतो, पण ते झाड कोणतं होतं हे फारसं कोणी सांगत नाही, आणि ते सांगायला हवं असं मला वाटतं.

कुळ बघितलं तर अ‍ॅश हे ऑलिव्हच्या कुळातलं. त्याच कुळात मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक येतात. या नात्याचा ओळख पटवताना उपयोग होतो, तो पुढे सांगतो.

पहिली पायरी: फांदीवरचे डोळे

हाताला लागेल अशी एक बारीक फांदी धरा. पानं जिथे फांदीला चिकटतात ती जागा म्हणजे पेर. प्रत्येक पेरावर, पानाच्या देठाच्या बगलेत, एक छोटा डोळा असतो. पुढच्या वर्षीची फूट त्यातून येते. आता एवढंच बघा की एका पेरावर किती पानं आहेत. दोन पानं बरोबर समोरासमोर, एक डाव्या अंगाला आणि एक उजव्या, अशी असतील तर ती संमुख मांडणी. एका पेरावर एकच पान, मग जरा वर गेल्यावर दुसऱ्या बाजूला दुसरं, अशी असतील तर ती एकाआड मांडणी.

अ‍ॅश संमुख आहे. पानं, डोळे, बारीक फांद्या, सगळं समोरासमोर.

अमेरिकेत जंगलात आणि रस्त्याकडेला दिसणाऱ्या मोठ्या झाडांपैकी संमुख मांडणीची झाडं मोजकीच आहेत. मेपल, अ‍ॅश, डॉगवुड आणि हॉर्स चेस्टनट. तिकडची मुलं पहिल्या तिघांची आद्याक्षरं जुळवून ‘मॅड हॉर्स’ असं पाठ करतात. ओक, एल्म, अक्रोड, हिकरी, बर्च, चेरी ही सगळी एकाआड. म्हणजे हा एक प्रश्न विचारला की बहुतेक यादी संपली.

इथे एक काळजी घ्यायला हवी. जुन्या झाडावर समोरासमोरच्या जोडीतली एक फांदी वाऱ्याने मोडते, सावलीत मरते, हरणं खातात. मग उरलेली एकटी फांदी एकाआड असल्यासारखी दिसते. म्हणून खोडाजवळच्या जाड फांद्यांवरून निकाल देऊ नका. शेंड्याकडची कोवळी फांदी घ्या, आणि एक नाही, झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंच्या चार-पाच बघा. झाड उंच असेल तर दुर्बीण चालते, फोनचा कॅमेरा झूम करूनही बऱ्यापैकी कळतं. एकाआड झाडावर चुकून एखादी जोडी समोरासमोर आल्यासारखी दिसू शकते, पण बहुतेक पेरं खरं सांगतात.

दुसरी पायरी: पान नक्की कुठून सुरू होतं

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. आपण कडुनिंबाचा पाला आणतो तेव्हा हातात जी लांब काडी येते, दोन्ही बाजूंना दातेरी पानं असलेली, ती फांदी वाटते. खरं तर ती आख्खी काडी मिळून एक पान. तिच्यावरची छोटी पानं म्हणजे पर्णिका. अशा पानाला संयुक्त पान म्हणतात.

अ‍ॅशचं पानही संयुक्त आहे. मधल्या काडीवर पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक सुटी पर्णिका, त्यामुळे एकूण संख्या विषम: पाच, सात, नऊ, कधी अकरा किंवा तेरा. आता गंमत अशी की अक्रोड, हिकरी, सुमाक यांच्या पानांतही पर्णिका बऱ्याचदा समोरासमोर असतात. लोक त्या पर्णिकांच्या जोड्या बघतात आणि ‘संमुख आहे, म्हणजे अ‍ॅश’ असं ठरवतात. चूक तिथेच होते. मांडणी पर्णिकांची बघायची नाही, आख्ख्या पानाची बघायची.

पर्णिका कोणती आणि पान कोणतं हे कसं ठरवायचं? डोळा शोधा. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो. आख्ख्या पानाच्या देठाशी, जिथे तो लाकडी फांदीला चिकटतो, तिथे असतो. बोट पानाच्या टोकापासून मागे मागे सरकवत आणा. हिरवी लवचीक काडी संपते, फांदीचं कडक लाकूड लागतं, आणि त्या सांध्यात डोळा दिसतो. ते पेर. आता पलीकडे बघा. नेमकं समोर दुसरं पान आहे? असेल तर झाड संमुख.

ही सवय अमेरिकेला न जाताही करता येते. कुंडीतली जाई, जिला हिंदीत चमेली म्हणतात, तिचं पान बघा: संयुक्त, विषम पर्णिका, पेरावर दोन पानं समोरासमोर. अ‍ॅशचं पान असंच असतं, आकाराने मोठं. आपल्या पानझडी जंगलांतला मोखाही याच कुळातला आणि त्याचीही पानं संमुख व संयुक्त. कडुनिंब घेतलात तर पानं एकाआड. जाई आणि कडुनिंबाची एकेक फांदी शेजारी ठेवून पाहिली की फरक डोळ्यांत बसतो आणि मग विसरत नाही.

दोन्ही पायऱ्या पार करणारी झाडं

संमुख आणि संयुक्त, अशी दोन्ही लक्षणं असलेली मोठी झाडं अमेरिकेत फारच थोडी. हॉर्स चेस्टनट आणि बकाय यांचं पान संयुक्त असतं, पण सगळ्या पर्णिका एकाच बिंदूतून पसरतात, त्यामुळे ते लगेच वेगळं कळतं. खरा प्रतिस्पर्धी आहे बॉक्सएल्डर.

नाव काहीही असलं तरी बॉक्सएल्डर हा मेपलच आहे. त्याच्या पर्णिका बहुधा तीन ते पाच, कडा ओबडधोबड, मोठ्या दातांच्या, कधी अर्धवट फाटल्यासारख्या. अ‍ॅशच्या पर्णिका जास्त, आणि कडा एकतर गुळगुळीत किंवा बारीक दातेरी. तरी पानावरून शंका राहिली तर कोवळी डहाळी बघा. बॉक्सएल्डरची डहाळी हिरवी किंवा जांभळट असते आणि बऱ्याचदा तिच्यावर पांढुरका थर असतो. अंगठ्याने पुसला की निघतो आणि खालचा रंग चमकतो. अ‍ॅशची डहाळी करडी किंवा करडी-तपकिरी, जाडसर. ही पुसून बघायची परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती ऐन थंडीतही चालते. बीसुद्धा वेगळं. बॉक्सएल्डरच्या पंखवाल्या बिया जोडीने, बुडाशी चिकटलेल्या. अ‍ॅशचं पंखवालं बी एकटं, वल्ह्याच्या आकाराचं.

बॉक्सएल्डरचं तीन पर्णिकांचं रोप पॉयझन आयव्हीसारखं दिसतं हेही लक्षात असू द्या. पॉयझन आयव्ही एकाआड असते. खात्री नसेल तर हात लावू नका, लांबूनच बघा.

दुसरं झाड म्हणजे अमूर कॉर्कट्री. आशियातून शोभेसाठी आणलेलं, आता काही भागांत जंगलात पसरलेलं. संमुख, संयुक्त, सगळं अ‍ॅशसारखं. पान चुरगाळलं की लिंबूवर्गीय उग्र वास येतो, कारण झाड त्याच कुळातलं आहे. मादीझाडावर काळ्या फळांचे घोस लागतात. साल जराशी खरवडली तर आतला थर भडक पिवळा. शिवाय त्याचा डोळा पानाच्या देठाखाली लपलेला असतो, पान गळल्याशिवाय दिसत नाही. एल्डरबेरीही संमुख-संयुक्त आहे, पण ते झुडूप. तिच्या फांदीत मऊ पांढरा गाभा भरलेला असतो.

पहिल्याच पायरीत बाद होणारी, तरी फसवणारी

काळ्या अक्रोडाला पर्णिका पंधरा ते तेवीस, पान चुरगाळलं की तीव्र वास, आणि डहाळी उभी चिरली तर आतल्या गाभ्यात आडवे पडदे आणि रिकामे कप्पे. हिकरी जास्त फसवते, कारण तिच्या पर्णिका पाच-सातच असतात. तिच्यात टोकाकडच्या पर्णिका सगळ्यात मोठ्या आणि देठाकडे येताना लहान होत जातात. अ‍ॅशच्या पर्णिका साधारण सारख्या मापाच्या. झाडाखाली चार भागांत उकललेली जाड टरफलं पडलेली दिसली, तर ती हिकरी.

ट्री ऑफ हेवन हे नाव ऐकायला छान, झाड त्रासदायक. आपल्याकडे माळरानावर आणि रस्त्याकडेला वाढणाऱ्या महारुखाचा तो सख्खा भाऊ, दोघंही आयलँथस. चीनमधून आलेलं हे झाड अमेरिकेत कुठेही उगवतं. पान लांबलचक, पर्णिका अकरापासून चाळीसपर्यंत. पर्णिकेची कड गुळगुळीत, फक्त बुडाशी एक-दोन दात आणि त्यांच्या खाली ग्रंथी. चुरगाळल्यावर घाण वास. 2014 साली पेन्सिल्व्हेनियात सापडलेल्या स्पॉटेड लँटर्नफ्लाय या किडीचं हे आवडतं झाड, त्यामुळे हेही ओळखता आलं तर बरं.

माउंटन अ‍ॅश, ज्याला युरोपात रोवन म्हणतात, त्याला नावामुळे लोक या यादीत ओढतात. ते गुलाबाच्या कुळातलं, सफरचंदाच्या नात्यातलं. पानं एकाआड, फुलं पांढऱ्या गुच्छांत, फळं नारिंगी-लाल. हिरवा खोडकिडा त्याला लागत नाही. तुमच्या झाडावर लाल फळांचे घोस असतील तर निश्चिंत राहा.

साल आणि बी

पांढरा अ‍ॅश आणि हिरवा अ‍ॅश या अमेरिकेतल्या दोन जाती. वयात आलेल्या या झाडांची साल फार देखणी असते. उभे उंचवटे एकमेकांना जाऊन मिळतात, परत वेगळे होतात, आणि मधे शंकरपाळ्यांच्या आकाराचे खोलगट भाग तयार होतात. नक्षी खूपच नियमित. पण सालीवर एकट्याने विसंबू नका. कोवळ्या अ‍ॅशची साल गुळगुळीत करडी असते, तिच्यावर नक्षीचा पत्ता नसतो. उलट नॉर्वे मेपल, जे शहरांतल्या रस्त्यांवर भरपूर लावलेलं आहे, त्याची साल बरीचशी अशीच दिसते, आणि मेपल असल्याने तेही संमुख. तिथे पान सुटका करतं. नॉर्वे मेपलचं पान साधं, पंजाच्या आकाराचं, संयुक्त नाही.

बिया दिसल्या तर काम सोपं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी घोसांनी लटकतात, काही झाडांवर हिवाळ्यातही राहतात. बिया नसल्या म्हणून मात्र अ‍ॅश नाही असं म्हणू नका. पांढऱ्या आणि हिरव्या अ‍ॅशमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, नराला बिया येतच नाहीत. रोपवाटिकांनी तर कचरा पडू नये म्हणून मुद्दाम बिया न येणारे वाण विकले. विसाव्या शतकात डच एल्म रोगाने रस्त्यांवरची एल्मची झाडं गेली, तेव्हा त्यांच्या जागी असे अ‍ॅश ओळीने लावले गेले. एका जातीच्या रांगा रोगाने गेल्यावर परत एका जातीच्याच रांगा लावल्या, आणि खोडकिडा आला तेव्हा सगळी गल्लीच्या गल्ली एकदम उघडी पडली. हे टाळता आलं असतं.

पानं गळल्यावर

मला विचाराल तर अ‍ॅश ओळखायला हिवाळाच चांगला. पानांचा पसारा नसतो, फांद्यांची संमुख मांडणी आभाळावर स्वच्छ दिसते. पान गळतं तेव्हा फांदीवर त्याचा वण राहतो, आणि या वणावरून अ‍ॅशमधल्या जातीसुद्धा वेगळ्या काढता येतात.

डहाळी डोळ्यांजवळ धरा. वणाची वरची कड खाली दबलेली असेल, चंद्रकोरीसारखा खळगा असेल आणि डोळा त्या खळग्यात बसलेला असेल, तर तो पांढरा अ‍ॅश. वण अर्धवर्तुळासारखा, वरची कड जवळपास सरळ आणि डोळा त्या कडेच्या वर बसलेला असेल, तर हिरवा अ‍ॅश. भिंगातून बघितलं तर फरक अगदी स्पष्ट. उन्हाळ्यात पांढऱ्या अ‍ॅशच्या पर्णिकांची खालची बाजू फिकट पांढुरकी असते, आणि शरद ऋतूत त्याला जांभळट-तांबूस रंग चढतो. हिरवा अ‍ॅश पिवळा होतो.

ब्लू अ‍ॅशची डहाळी चौकोनी असते, बोटांत फिरवली तरी कडा जाणवतात. खोडकिड्याला हीच जात बाकीच्यांपेक्षा जास्त टिकते. युरोपियन अ‍ॅशचे डोळे हिवाळ्यात काळेभोर असतात, काजळ लावल्यागत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना दुसरं काही बघायची गरजच नाही. तिथला त्रासही वेगळा: अ‍ॅश डायबॅक नावाची बुरशी. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये झाडं मरताना दिसली, आणि 2012 मध्ये रोग ब्रिटनमध्ये आढळला. तीही पूर्व आशियातूनच आलेली.

काळा अ‍ॅश दलदलीत वाढतो. त्याच्या पर्णिकांना देठ नसतो, त्या थेट मधल्या काडीला चिकटलेल्या असतात, आणि साल मऊ, हाताने चोळली तर भुगा निघतो. अमेरिका-कॅनडातल्या वाबानाकी, अनिशिनाबे आणि मोहॉक समाजांतले कारागीर याच लाकडाच्या टोपल्या विणतात. ओंडका लाकडी हातोड्याने ठोकत जातात. दरवर्षी वसंतात वाढलेला सच्छिद्र थर चेपतो आणि वर्षावलयं एकेक करून पट्ट्यांच्या रूपात सुटी होतात. दुसऱ्या कोणत्याही झाडाचं लाकूड इतक्या सहज असं उलगडत नाही. खोडकिडा या झाडालाही सोडत नाही, आणि त्याबरोबर ही विद्याही संकटात आली आहे. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं.

अ‍ॅश आहे हे ठरल्यावर

आता किडीची लक्षणं बघा. खोडकिड्याची अळी सालीखालचा जिवंत थर खाते. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणारी वाट तिथूनच जाते, म्हणून झाड उपाशी मरतं. साल सुटली असेल तर खाली नागमोडी बोगदे दिसतात. भुंगा बाहेर पडतो तेव्हा सालीला छोटं अर्धवर्तुळाकार छिद्र पडतं, एक बाजू सरळ, एक गोल, रुंदी तीन-चार मिलिमीटर. पूर्ण गोल छिद्रं दुसऱ्या किड्यांची. पण हे सगळं शेंड्याकडे सुरू होतं, खाली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याआधीच्या खुणा म्हणजे शेंडा विरळ होणं, खोडाच्या बुडातून नवे धुमारे फुटणं, आणि सुतारपक्ष्यांनी अळ्यांसाठी साल सोलल्यामुळे खोडावर फिकट पट्टे दिसणं.

शेंड्याची पानं साधारण तीस टक्क्यांपेक्षा कमी गेली असतील तर औषधाचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. एमामेक्टिन बेंझोएट हे औषध खोडात इंजेक्शनने देतात, दर दोन-तीन वर्षांनी परत द्यावं लागतं, आणि ते परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचं. निम्म्याहून जास्त पानं गेली असतील तर पैसे झाड काढण्यासाठी ठेवलेले बरे. वाळलेल्या अ‍ॅशचं लाकूड लवकर ठिसूळ होतं, फांद्या अचानक मोडतात, म्हणून त्यावर शिडी लावून स्वतः चढण्याचा विचारही करू नका.

तोडलेलं लाकूड कॅम्पिंगला शेकोटीसाठी दूर नेऊ नका. अळ्या सालीखाली जिवंत राहतात आणि लाकडाबरोबर प्रवास करतात. जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपले निर्बंध उठवले, तरी अनेक राज्यांचे जळाऊ लाकडाबाबतचे स्वतःचे नियम आहेत. लाकूड जिथे तोडलं तिथेच वापरा, आणि शेकोटीचं लाकूड जिथे जाल तिथलं घ्या.